पाणी येतं का?

"पाणी येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार दिवसांआड," मी म्हणालो. "पहाटे अडीचला सुटतं. दीडेक तास असतं, पण प्रेशर नसतं."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यावर धरलेली बॅटरी खाली घेतली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, मी डोळ्यांचं विचारतेय."

यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. या प्रश्नाला दुसरा काही अर्थ असू शकतो हेच माझ्या गावी नव्हतं. जुळे सोलापुरात भाड्याचं घर बघायला आलेला माणूस आधी नळाला हात लावतो, मग भिंतीला. स्थळ बघायला आलेली मंडळी मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारत नाहीत. गच्चीवरची टाकी किती लिटरची, हे मात्र पोह्यांबरोबर काढून घेतात. उजनीचं धरण शंभरावर किलोमीटर लांब. तिथं पाणी टक्क्यांत मोजतात, आमच्याकडं घागरींत. धरण शंभर टक्के भरल्याचा फोटो पेपरात आला की आम्ही तो कौतुकानं बघतो आणि पुन्हा बादल्या मोजायला लागतो. असा माणूस डोळ्यांच्या मशीनवर हनुवटी टेकून बसला आणि त्याला कुणी पाण्याबद्दल विचारलं, तर त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

डोळ्यांचं म्हणाल, तर पाणी येत होतं. धो धो येत होतं. तक्रार तीच होती.

माझी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. टॉवेल पाणी टिपतो, एवढाच माझा आणि पाण्याचा कामाचा संबंध. बाकी दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं. सकाळी आसरा पुलावरून गाडी काढायची आणि समोरच्या डंपरची धूळ खात जायचं. हवा सुधारायची म्हणून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जी शहरं निवडली आहेत त्यांत सोलापूर आहे. त्या हवेतला माझ्या वाट्याचा भाग मी रोज उघड्या डोळ्यांनी गोळा करत असे. हेल्मेटची काच खाली घ्यायची, तर उन्हाळ्यात आत डोकं वाफवून निघतं. ऑफिसात माझ्या टेबलासमोर कूलर. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की तो कूलर आपल्याकडंच वळावा म्हणून चार माणसांत राजकारण चालतं, आणि ज्येष्ठतेनुसार ते मी जिंकलेलं होतं. सबंध उन्हाळा कूलरचं तोंड आणि माझं तोंड समोरासमोर होती.

मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. बिलावरचा तीनाचा आकडा आठासारखा दिसे. एका गिऱ्हाईकानं त्यावर तक्रारही केली. आठाचा तीन दिसला असता तर केली नसती. आणि गाडीवर बसलं की दोन्ही डोळ्यांतून धारा. घरी पोचेपर्यंत गाल ओले. एक दिवस बायकोनं दारातच विचारलं, "रडलालाव काय?"

"नाही गं, वारं लागलं."

"वारं मलाबी लागतंय की. मी रडलालेय का?" मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "नोकरी गेली काय?"

तिची समजूत घालण्यात एक आठवडा गेला. तेवढ्यात बातमी कॉलनीत पोचली आणि औषधांची रांग लागली. विजापूर रोडला संभाजी तलावाकाठी सकाळी फिरायला येणारी जी मंडळी आहेत, त्यांत एकही डॉक्टर नाही. त्यामुळं सल्ल्याला अडथळा येत नाही. एकानं गुलाबपाणी सांगितलं, दुसऱ्यानं एरंडेल, तिसऱ्यानं मध. मधाचं मी एकदाच केलं. त्यानंतरची दहा मिनिटं मी कुठं होतो हे मला आठवत नाही, पण शेजारच्यांना आठवतं. ऑफिसातल्या एकानं लाली घालवणारी बाटली दिली. तिनं डोळे दोन तास पांढरेशुभ्र झाले आणि संध्याकाळी आधीपेक्षा लाल. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की असले थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, कोरडेपणाला काही करत नाहीत, आणि असर उतरला की वाहिन्या सूड घेतल्यासारख्या फुगतात. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आपल्या मनानं घेतलेले स्टेरॉइडचे थेंब. सुरुवातीला छान वाटतं आणि तेवढ्यात आत डोळ्याचा दाब वाढत जातो. काचबिंदू पायरव करत येत नाही.

आमच्या गल्लीत डावीकडं कानडी घर, उजवीकडं तेलुगू. कानडी आजींनी माझा डोळा उलटापालटा करून "कण्णीरु" असं काहीतरी म्हटलं. पलीकडच्या तेलुगू मामांनीही "कन्नीरू" म्हटलं. दोन्ही भाषांत शब्दाचा अर्थ एकच, डोळ्याचं पाणी. मराठीनं अश्रू, आसवं, टिपं अशी तऱ्हेतऱ्हेची नावं ठेवून कवींची सोय केली. या दोन भाषांनी सरळ पाणी म्हटलं आणि मोकळ्या झाल्या. दुष्काळी मुलखात शब्दांचीही काटकसर असते.

तर डॉक्टरांकडं येऊ. वय माझ्या मुलीएवढं. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा उजेड पाडला आणि डोळे न मिटता बघा म्हणाल्या. मनात आकडे मोजत होत्या. चार झाले आणि थांबल्या.

"काका, तुमचे डोळे कोरडे आहेत."

मी खिशातून ओला रुमाल काढून टेबलावर ठेवला. "हे काय मग?"

"तेच तर," त्या म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं त्यांनी मला समजावलं. मला समजलं ते मी सोलापूरच्या भाषेत सांगतो, कारण त्यांच्या भाषेत मला ते समजलं नव्हतं. डोळ्याला दोन प्रकारचं पाणी येतं. एक नळाचं, दुसरं टँकरचं. नळाचं पाणी चोवीस तास चालू असतं (हे ऐकून मी अर्धं मिनिट स्तब्ध होतो), पण अगदी बारीक, मिनिटाला साधारण एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. त्याचा एक पातळ पडदा बुबुळावर पसरलेला असतो. हा पडदा फाटला, की बुबुळ उघडं पडतं, झोंबतं आणि मेंदूकडं तार जाते. मेंदू म्हणजे वरचा अधिकारी. तो नळ दुरुस्त करत नाही, टँकर पाठवतो. टँकर येतो तो एकदम, सगळं पाणी ओततो, निम्म्याच्या वर रस्त्यावर, म्हणजे गालावर जातं, आणि तो गेला की पुन्हा ठणठणाट. कांदा चिरताना येतं तेही टँकरचंच. आमच्या मार्केट यार्डात हंगामात कांद्याचे ट्रक रांगेनं उभे असतात. तिथल्या हमालांना कोरड्या डोळ्यांचा त्रास होत नसणार, असं मी मध्ये सुचवून बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, कांद्याच्या वायूनं आलेलं पाणी डोळा धुतं, वंगण देत नाही. कल्पना तिथंच बारगळली.

हा पडदा तीन गोष्टींचा असतो. बुबुळाला चिकटून श्लेष्म्याचा थर. तो नसेल तर पाणी डोळ्यावर पसरतच नाही, मेणकापडावर ओघळावं तसं ओघळतं. त्यावर पाणी. आणि सर्वांत वर तेल. होय, तेल. पापण्यांच्या कडेला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत पंचवीस-तीसच्या वर, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरानं त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. साल १६६६. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले त्याच वर्षी जर्मनीत एक माणूस पापण्यांच्या कडा तपासत बसला होता. ज्याचं त्याचं कार्य. या ग्रंथी तेल सोडतात, ते पाण्यावर पसरतं आणि पाणी उडून जायचं थांबतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उडू नये म्हणून त्यावर रसायनाचा पातळ थर पसरण्याचे प्रयोग माणसानं केले आहेत. पापणीनं ते आधीच केलेलं होतं, कसलंही टेंडर न काढता.

माझा घोटाळा दोन्हीकडून होता. तेलाची तोंडं बुजलेली आणि पाणीही बेताचं. पाणी किती, हे बघायला त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. ही तपासणी ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरानं १९०३ साली काढली. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. दहाच्या वर गेली तर ठीक, पाचाच्या आत राहिली तर डोळा कोरडा. शंभरावर वर्षं झाली, एवढी मशीनं आली, पण हा कागद काही हटला नाही.

"डावा चार, उजवा सहा," त्यांनी लिहून घेतलं.

मिलिमीटर म्हटल्यावर मी सावध झालो. मिलिमीटरात आमच्याकडं एकच गोष्ट मोजतात. पावसाळ्यात पेपरच्या कोपऱ्यात चौकट येते: उत्तर सोलापूर चार, दक्षिण सोलापूर सहा, अक्कलकोट निरंक. माझ्या चेहऱ्यावर अगदी जिल्ह्याच्या सरासरीइतका पाऊस झाला होता. निदान अक्कलकोटसारखं निरंक तरी नाही, असा दिलासा मी स्वतःला दिला. दोन डोळे म्हणजे जुळेच की. एका तालुक्यात पडतो, शेजारच्यात पडत नाही, तसलाच प्रकार.

"कृत्रिम अश्रू देते," त्या म्हणाल्या. "दिवसातून चार वेळा."

माझ्या डोळ्यांपुढं विमान आलं. सोलापूरच्या माणसाला 'कृत्रिम' या शब्दापुढं पाऊस आठवतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं आमच्या डोक्यावर ढग पेरण्याचा मोठा प्रयोग केला. शेकड्यांनी ढग पारखले, काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. आपण खालून विमानाकडं बघायचो आणि आपला ढग पेरलेल्यांत आहे की सोडलेल्यांत, यावर चहाच्या टपरीवर वाद घालायचो. पुढं निष्कर्ष आला की पेरलेल्या ठिकाणी सरासरी अठरा टक्के पाऊस जास्त झाला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ढगच नसेल तर विमानही काही करू शकत नाही. आहे त्या ढगाला जरा पुढं ढकलायचं, एवढंच.

"याचंही तसंच का?" मी विचारलं.

"जवळपास," डॉक्टर म्हणाल्या. "थेंब अश्रू तयार करत नाहीत. आहेत ते टिकवतात."

औषधाच्या दुकानात दीडशे रुपयांत दहा मिलिलिटरची बाटली मिळाली. खोक्यावर इंग्रजीत लिहिलेल्याचा अर्थ लावला तर 'ताजेतवाने अश्रू' असा काहीतरी निघत होता, आणि शेजारी ते शिळे कधी होतील ती तारीख. माझी नोकरी बिलांची, त्यामुळं घरी येऊन मी पहिल्यांदा हिशेब केला. दहा मिलिलिटरला दीडशे, म्हणजे लिटरला पंधरा हजार. जारचं पाणी वीस लिटरचं घेतो, त्या हिशेबानं अश्रूंचा जार तीन लाखांना. दहा हजार लिटरचा टँकर मागवायचा झाला तर पंधरा कोटी, आणि तरी ड्रायव्हर वर चहाचे मागणार. बायको म्हणाली, "मी बावीस वर्षं फुकट रडले ते कुणी मोजलं नाही."

आता घालायचं कसं. हे कुणी शिकवत नाही. डोळ्यात थेंब घालणाऱ्या माणसाला आरशात बघा: पहिल्यांदा तो तोंड उघडतो. का, हे सांगता येणार नाही. डोळ्याला आणि तोंडाला एकच दोरी बांधलेली असावी. मी मान मागं टाकली, तोंड उघडलं, बाटली वर धरली, आणि थेंब सुटायच्या क्षणी डोळा मिटला. पहिला थेंब मिशीत. दुसरा कानात. तिसऱ्याच्या वेळी मी डोळा बोटांनी ताणून धरला, तर बाटलीचं टोकच बुबुळाला लागलं. पाच दिवसांनी मी बायकोला बोलावलं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर हे प्रथमच होत होतं आणि क्षणभर मला बरंही वाटलं. मग माझ्या एकदम लक्षात आलं की तिनं नुकतीच शेंगाचटणी कुटलेली आहे.

हात धुवायचे असतात, हे बाटलीवर अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. आमच्या गावात ते ठळक छापायला हवं.

नीट पद्धत डॉक्टरांनी पुढच्या खेपेला दाखवली. खालची पापणी चिमटीत धरून पुढं ओढायची, तिची झोळी होते. नजर वर ठेवायची, म्हणजे थेंब येताना दिसत नाही आणि डोळा घाबरत नाही. झोळीत एकच थेंब. टोक कशाला लावायचं नाही. मग डोळे हलके मिटायचे आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून मिनिटभर थांबायचं, कारण तिथं मोरी आहे. ती नाकात उतरते. म्हणून तर रडताना नाक वाहतं आणि थेंबांची चव घशात येते. मी आधी एका वेळी तीन-तीन थेंब घालत होतो, वर्गणी जास्त दिली की देव जास्त पावतो या हिशेबानं. बाटलीतला एक थेंब असतो चाळीसेक मायक्रोलिटरचा, आणि डोळ्याच्या झोळीत फार तर तीस मावतात. म्हणजे पहिलाच थेंब ओसंडतो. दुसरा आणि तिसरा मी दीडशे रुपयांच्या बाटलीतून थेट बनियनवर टाकत होतो. दुसरं औषध घालायचं असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

पण या सगळ्यात मला खरं कोडं होतं ते निराळं. पाण्यासारखं पाणी, मग ते टिकतं कसं? साधं पाणी डोळ्यावर मारलं तर पाच मिनिटांत पुन्हा वाळू. उत्तर मिळालं ते उजवीकडच्या मामांकडून. मामा गिरणीतून निवृत्त. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. मामा शेवटच्या पिढीतले, सायझिंग खात्यात जन्म गेला. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नावाची अक्षरं एकेक लावली: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज.

"अरे, सीएमसी हाय की हे!" मामा ओरडले. "खळ हाय! आमी ताण्याला देत होतो!"

मला वाटलं उन्हाचा परिणाम. पण ते खरं निघालं. सेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड यांचा गाभा. त्यावर प्रक्रिया करून सीएमसी करतात. तेच शुद्धीचे संस्कार करून डोळ्यात, तेच जाडंभरडं करून सायझिंगमध्ये. मागावर ताण्याचा धागा हजार वेळा घासला जातो, खळ नसेल तर केस निघतात आणि तुटतो. पापणीही मिनिटाला पंधरा-वीस वेळा बुबुळावरून जाते-येते. धोटा आणि पापणी, धंदा एकच. खळ पाणी धरून ठेवते, पडदा जरा जाड करते, बुबुळाला चिकटून राहते आणि घासणं कमी करते. सोलापुरी चादर आणि माझं बुबुळ एकाच खळीवर चाललंय हे कळल्यावर मला उगीच अभिमान वाटला.

मामा आता पेटले होते. "आन् घोंगडीला चिंचोक्याची खळ देत्यात, ती नाय व्हय डोळ्यात?"

तीही आहे. चिंचोक्यातून काढलेला चिकट पदार्थ घातलेले डोळ्यांचे थेंब जगात विकले जातात, कारण तो डोळ्यातल्या श्लेष्म्यासारखाच वागतो. आपण लहानपणी चिंचोके पटावर हरलो, चुलीत भाजून खाल्ले. त्यांचं पुढं असं भलं झालं. आणखी एक जात आहे हायलुरोनिक आम्लाच्या थेंबांची. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईगुरांच्या डोळ्यातूनच शोधून काढलं, नंतर बरीच वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता जिवाणूंकडून करून घेतात. त्याचा गुण असा की डोळा उघडा असताना ते दाट राहतं आणि पापणी घसरू लागली की पातळ होतं. समोरचा बघून वागणं बदलायचं, हे आमच्या ऑफिसात वरच्या पदावर जायला लागतं.

एक प्रसंग सांगायला हवा, जरी बायकोनं सांगू नका म्हटलंय. मला रात्रीसाठी घट्ट जेल दिलं होतं. ते घातलं की दृष्टी काही वेळ धूसर होते, म्हणून झोपताना. पण एका रविवारी बाटल्यांची अदलाबदल झाली. बाळीवेशीत लांबच्या चुलत भावाकडं भेटायला जायचं होतं. त्याचे वडील गेले होते. या भावाशी आमचं सामाईक भिंतीवरून पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. मी वेळेचा पक्का. अकराचा डोस, म्हणून दारातच गाडीला टेकून दोन्ही डोळ्यांत सोडला आणि आत गेलो. समोर सगळं दुधाळ. पांढरे कपडे, एक उंच आकृती, भावासारखी. मी पुढं होऊन मिठी मारली. गालावरून जेल ओघळत होतं. "झालं गेलं विसरून जा," मी म्हणालो. आकृती गहिवरली. तिनंही मिठी मारली. घरात बायकांचे हुंदके वाढले.

नजर निवळली तेव्हा कळलं की तो खुर्च्या आणि ताडपत्रीचं भाडं न्यायला आलेला माणूस होता. गेल्या महिन्यात त्याचेही वडील गेले होते आणि भेटायला कुणी फारसं आलं नव्हतं. खरा भाऊ कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता. तो नंतर मला म्हणाला, "एवढं प्रेम होतं काकांवर, मग भिंतीचं कशाला ताणलंस बे?" भिंतीचा प्रश्न तीन दिवसांत मिटला. खुर्च्यांच्या माणसानं भाड्यात सूटही दिली. मी हे डॉक्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, जेल फक्त रात्री.

बाकी पथ्यं साधी आहेत. कूलरचं तोंड वळवलं. आता ते माझ्या हाताखालच्या पोराकडं आहे आणि तो मला फार मान देतो. हेल्मेटची काच खाली असते. सर्दीची गोळी मी शेंगदाण्यासारखी खात होतो, तीही डोळे सुकवते, म्हणून ती डॉक्टरांना विचारून कमी केली. कॉम्प्युटरपुढं माणूस पापण्या मिटायचंच विसरतो, पंधरा-वीसवरून पाच-सातावर येतो, त्यातही अर्ध्या मिटतो. म्हणून मी मुद्दाम पूर्ण मिटतो. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईसाहेबांना बिल समजावून सांगताना मी सावकाश, पूर्ण, तीनदा डोळे मिटले. तेव्हापासून त्या मालकांशीच बोलतात. बाटली उघडली की महिनाभरात टाकायची. रोज आठ थेंब धरले तर ती तेवढ्यातच संपते, हिशेब जुळतो. सहापेक्षा जास्त वेळा लागायला लागले तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या छोट्या कुप्यांतले घ्यायचे, कारण ते प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं तर डोळ्यालाच लागतं.

आणि शेक. बुजलेलं तेल वितळायला ऊन ऊन टॉवेल मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग पापणीच्या कडा हलक्या हातानं चोळायच्या. टॉवेल साधारण चाळीस अंशाचा हवा, हाताला सोसेल एवढाच. इतकी वर्षं मी टॉवेलची बिलं केली, पण टॉवेल माझ्या कामी आला तो असा. एप्रिल-मेमध्ये तर पाणी तापवायची गरज नाही, टॉवेल भिजवून गच्चीवर टाकला की अकरापर्यंत तयार. फक्त भिजवायला पाणी लागतं, आणि तो दिवस चौथा असेल तर बायको म्हणते, डोळा राहू द्या, भांडी आहेत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पट्टीवर डावा चार, उजवा सहा. पावसात काहीच फरक नाही. मी हिरमुसलो. पण मग पिवळा रंग, निळा उजेड, आणि डॉक्टर मोजायला लागल्या. चार गेले. पाच, सहा, सात. आठाला पडदा फाटला.

"दुप्पट टिकतोय!" त्या म्हणाल्या. "पाणी तेवढंच आहे, पण आता उडून जात नाही."

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. असला आनंद दाबून ठेवता येत नाही. "अगं, ऐकलंस का? पाणी टिकायला लागलंय!"

"कशाचं टिकलालंय!" पलीकडून आवाज आला, मागं मोटारीची घरघर. "हिकडं भरदुपारी नळ आलाय! खालची टाकी भरून पाणी रस्त्यावर चाललंय, बॉल बिघडलाय! या की लवकर! आन् वाटंत थांबून ते डोळ्यात घालत बसू नका!"